जुन्या ऑफरोड गाडीचे पाटे, स्प्रिंगा आणि शॉकअप बदलताना: वजनकाट्यापासून शेवटच्या नटापर्यंत

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या स्प्रिंगा बदलायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "गाडी किती उचलायची?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी विचारायचं ते असं: गाडीचं वजन किती आहे आणि ते कुठे आहे? स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप हालचालीला लगाम घालतो, आणि या दोघांची निवड नीट झाली की उंची आपोआप मिळते. उंचीपासून सुरुवात केली की गाडी दिसायला रुबाबदार होते, पण आत बसणाऱ्याची कंबर आणि प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे वळते सांधे, दोन्ही कामातून जातात.

हा लेख पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल (डावं-उजवं चाक जोडणारा एकच कडक आस) असलेल्या गाड्यांसाठी आहे. त्यांच्यात दोन घराणी आहेत. एक पाट्यांचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं: १९४८ ची पहिली लँड रोव्हर, जुन्या सीजे जीप, टोयोटाची ४० सिरीज. दुसरं कॉइल स्प्रिंगचं: १९७० ची रेंज रोव्हर, १९८३ ची लँड रोव्हर वन-टेन, १९९० ची टोयोटा ८० सिरीज, १९९७ च्या मॉडेलपासूनची जीप रँग्लर. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार असलेल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, त्यांच्याबद्दल इथे बोलणार नाही. तुमच्या गाडीला स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जोडलेलं युनिट असेल, तर ते घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी ठरते.

आधी वही आणि टेप

काही खोलायच्या आधी गाडी सपाट जागेवर उभी करा, चारही टायरची हवा सारखी करा, हँडब्रेक सोडा आणि गाडी एक-दोन मीटर पुढे-मागे ढकलून बुशमधला (जोडांत बसवलेल्या रबरी नळ्या) ताण मोकळा होऊ द्या. आता चारही चाकांपाशी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत सरळ वर अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायर बदलला किंवा हवा कमी झाली की तो आकडा खोटा पडतो. सोबत बंप स्टॉपचा (चाकाचा वरचा प्रवास थांबवणारा ठोकळा) रबर आणि तो जिथे आदळतो ती जागा यांतलं अंतरही चारही बाजूंना लिहून ठेवा. हे आठ आकडे पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहेत.

डावी-उजवी बाजू १०-१५ मिमीने वेगळी निघाली तर लगेच स्प्रिंगला दोष देऊ नका. जुन्या गाड्यांत इंधनाची टाकी, बॅटरी आणि चालक बऱ्याचदा एकाच बाजूला येतात. काही उत्पादक म्हणूनच डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळ्या उंचीच्या स्प्रिंगा देतात. जुन्या स्प्रिंगांवर रंगाच्या खुणा किंवा कोरलेले क्रमांक दिसले तर फोटो काढून ठेवा.

मग वजनकाटा. टाकी पूर्ण भरा, एरवी सोबत असणारं सगळं सामान नेहमीच्या जागी ठेवा आणि तीन वजनं घ्या: फक्त पुढची चाकं काट्यावर, संपूर्ण गाडी, फक्त मागची चाकं. पहिल्या आणि तिसऱ्याची बेरीज दुसऱ्याच्या जवळपास आली पाहिजे, नाहीतर पुन्हा करा. रोजच्या वापराची रिकामी गाडी आणि प्रवासाची भरलेली गाडी, दोन्ही अवस्थांत वजन घेता आलं तर उत्तम. कॅटलॉगमध्ये स्प्रिंगांपुढे "कायमचं जादा वजन ५० किलोपर्यंत" किंवा "५० ते १०० किलो" असं लिहिलेलं असतं. या "कायमचं" शब्दाकडे लक्ष द्या. पुढे पोलादी बंपर आणि विंच असेल तर ते कायमचं वजन. वर्षातून दोनदा होणाऱ्या सहलीचं सामान म्हणजे कायमचं वजन नव्हे.

बिघाड आधी, बदल नंतर

जुन्या गाडीत सस्पेन्शनची तक्रार अनेकदा स्प्रिंगची नसतेच. पाट्यांच्या गाडीत सर्वांत जास्त दिसणारं दुखणं म्हणजे पाट्यांच्या मध्ये साठलेला गंज. पाटे एकमेकांवर सरकायला हवेत. ते गंजून चिकटले की अख्खा सेट एका जाड लोखंडी पट्टीसारखा वागतो आणि गाडी बैलगाडीसारखी आदळते. सेट काढून, पाटे सुटे करून, तारेच्या ब्रशने घासून आणि मध्ये ग्रॅफाइट लावून बसवले तर काही वेळा नवे पाटे घ्यायची गरजच उरत नाही. पण सेट सुटा करताना सेंटर बोल्टच्या (पाटे मध्यभागी एकत्र धरणारा बोल्ट) दोन्ही बाजूंना भक्कम सी-क्लॅम्प लावा आणि ते हळूहळू सैल करा. वेगवेगळा बाक असलेले पाटे एकत्र आवळलेले असतात. बोल्ट एकदम काढला तर ते उसळतात.

पाट्याच्या टोकाला सेटचा खालचा पाटा वरच्यात रुतून खाच पडली असेल, चीर दिसत असेल किंवा मुख्य पाट्याचा गोल डोळा उघडा पडत असेल, तर तो सेट बाद. बसलेल्या पाट्यांना थंड अवस्थेतच ठोकून पुन्हा बाक देण्याचा मार्ग मला पटत नाही. तो बाक फार दिवस टिकत नाही आणि पोलाद आधीच थकलेलं असतं.

पाट्यांसोबत चेसिसही तपासा. शॅकलच्या (पाट्याचं एक टोक चेसिसला टांगणारी हलती जोडपट्टी) आणि हँगरच्या (दुसरं टोक पिनेने धरणारी पक्की बैठक) आजूबाजूला, शॉकअपच्या वरच्या मुठीपाशी (जिथे तो चेसिसला जोडलेला असतो), कॉइलच्या वरच्या वाटीत स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंगचं काम. नवी कडक स्प्रिंग कमकुवत चेसिसला जास्त जोराचे धक्के देते. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, किंगपिनचे बेअरिंग, चाकांचे बेअरिंग, पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) बुश यांतला ढिलेपणा आधी संपवा. पुढची चाकं एखाद्या खड्ड्यानंतर थरथरायला लागतात त्याचं मूळ बहुधा इथे असतं, आणि नव्या शॉकअपने ते फक्त काही दिवस झाकलं जातं.

स्प्रिंग किती कडक?

स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती १ मिमी दाबायला लागणारं बल. समजा पुढच्या अ‍ॅक्सलवर काट्याने ९०० किलो दाखवले. त्यातले चाकं, अ‍ॅक्सल, ब्रेक यांचे सुमारे २०० किलो स्प्रिंगवर येतच नाहीत. उरले ७००, म्हणजे प्रत्येक बाजूला ३५० किलो, बलाच्या मापात सुमारे ३,४३० न्यूटन. स्प्रिंग ३० न्यूटन प्रति मिमीची असेल तर या वजनाखाली ती साधारण ११४ मिमी दबते. ४५ ची असेल तर ७६ मिमी.

हा आकडा नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण ऑफरोडचं निम्मं गुपित त्यात आहे. कॉइल स्प्रिंग उभ्या अवस्थेत जितकी दबलेली असते, तितकंच चाक खाली जाईपर्यंत ती चाकाला जमिनीवर रेटू शकते. ११४ मिमी दबलेली स्प्रिंग चाक ११४ मिमी खाली जाईपर्यंत काही ना काही जोर देत राहते. ७६ मिमीवाली त्याआधीच हात सोडते, चाक नुसतं लटकतं आणि पकड जाते. वजन नसताना "मजबूत" म्हणून जास्त कडक स्प्रिंग घेतलेली गाडी उंच दिसते, पण ओबडधोबड वाटेवर मऊ स्प्रिंगच्या गाडीपेक्षा आधी अडकते. उसळण्याचा ठेकाही बदलतो. पहिल्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा झुलते, दुसरीवर १.८ वेळा. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. दिवसभर बसल्यावर पाठीला तो कळतो.

उलट बाजूही आहे. प्रत्येक स्प्रिंगवर ६० किलो कायमचे वाढवले तर ३० ची स्प्रिंग आणखी सुमारे २० मिमी बसते, आणि तेवढाच बंप स्टॉपपर्यंतचा प्रवास कमी होतो. म्हणजे विंच लावल्यावर स्प्रिंग तीच ठेवणंही चूकच.

कडकपणा किती झपाट्याने वाढतो याचा अंदाज हवा. कॉइलची तार १४ ऐवजी १५ मिमी घेतली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर कडकपणा जवळपास ३२ टक्क्यांनी वाढतो, कारण तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. पाट्यात तो जाडीच्या तिसऱ्या घातावर चालतो: ६ मिमीच्या जागी ७ मिमीचा पाटा म्हणजे त्या पाट्यापुरता सुमारे ५९ टक्के जास्त कडकपणा. "एक जादा पाटा घालू" हा सोपा उपाय वाटतो, पण पाटा कोणत्या जाडीचा ते विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

पाट्यांच्या गाडीला पॅराबोलिक पाटे हा चांगला पर्याय असतो. हे पाटे मध्यभागी जाड आणि टोकांकडे पातळ होत जातात, एकमेकांना फक्त मध्यावर आणि टोकांशी टेकतात. घर्षण कमी, त्यामुळे चाक छोट्या दगडांवरही मोकळेपणाने हलतं. मात्र जुन्या सेटमध्ये पाट्यांचं घर्षण उसळी थोपवायचं निम्मं काम गुपचूप करत असतं. ते गेलं की सगळा भार शॉकअपवर येतो, म्हणून पॅराबोलिक पाट्यांसोबत जुने शॉकअप ठेवू नका.

उंचीचं माझं मत स्पष्ट आहे. जुन्या गाडीला ४०-५० मिमी पुरे. त्यापुढे प्रत्येक सेंटिमीटरला स्टिअरिंग, ब्रेक आणि प्रॉपेलर शाफ्टमध्ये काहीतरी बदलावं लागतं. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच. तुमच्याकडे नोंदणी आणि विम्याचे नियम उंचीबद्दल काय सांगतात तेही सामान घ्यायच्या आधी पाहा.

शॉकअप: आत काय चालतं

शॉकअपमध्ये एक पिस्टन तेलातून पुढे-मागे जातो आणि तेल बारीक व्हॉल्व्हमधून ढकललं जातं. स्प्रिंगची उसळी अशी तेलाच्या उष्णतेत बदलते. लांब खडबडीत रस्त्यावर शॉकअप हाताला चटका बसेल इतका तापतो तो यामुळेच. तेल फार तापलं, त्यात फेस झाला, की रोध कमी होतो आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते.

दुहेरी नळीचा शॉकअप दगड लागून चेपला तरी बहुधा चालत राहतो, कारण पिस्टन आतल्या नळीत असतो. एकेरी नळीचा, उच्च दाबाच्या नायट्रोजनचा शॉकअप लवकर थंड होतो आणि फेस होऊ देत नाही, पण त्याच्या नळीला खोल चेप बसली की पिस्टन अडकतो. गॅसऐवजी बंद कोशांचा फोम असलेला दुहेरी नळीचाही एक प्रकार मिळतो. दगडधोंड्यांत हळू चालणाऱ्या जड गाडीला मी दुहेरी नळी देईन. लांब, वेगाच्या कच्च्या रस्त्यांसाठी एकेरी.

स्प्रिंग दीडपट कडक केली तर तिच्यावर पूर्वीइतकाच ताबा ठेवायला शॉकअपचा रोधही साधारण २२ टक्क्यांनी वाढावा लागतो, मुख्यतः उसळून वर येण्याच्या दिशेने. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने घ्या. मऊ स्प्रिंगवर अतिकडक शॉकअप लावला तर सलग खड्ड्यांवर चाक खाली यायला वेळच मिळत नाही, आणि गाडी हळूहळू बंप स्टॉपवर बसत जाते.

लांबी मोजायची रीत

या कामातली सर्वांत महागडी चूक लांबीत होते. "५० मिमी उंच गाडीसाठी" असं लिहिलेलं पाहून शॉकअप घेणं पुरेसं नाही. तुम्हाला तीन अंतरं लागतात, तिन्ही शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या जोडाच्या मध्यांमधली: गाडी उभी असताना, चाक पूर्ण वर दबलेलं असताना आणि चाक पूर्ण खाली लटकलेलं असताना.

उभ्या गाडीचं अंतर सोपं आहे. पूर्ण दाबासाठी कॉइलच्या गाडीत स्प्रिंग काढून, चेसिस घोडीवर (गाडी पेलणारा पक्का स्टँड) ठेवून, अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर घ्या आणि मोजा. पाट्यांच्या गाडीत हे अवघड जातं, म्हणून उभ्या अंतरातून बंप स्टॉपचं रिकामं अंतर वजा करा. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट राहते: जोराच्या आदळण्यात बंप स्टॉपचा रबर स्वतःही दबतो. त्याची निम्मी उंची आणखी वजा करा.

एक उदाहरण. उभं अंतर ४३० मिमी, बंप स्टॉपपर्यंत ८० मिमी, रबर ४० मिमी उंच. म्हणजे ४३० − ८० − २० = ३३० मिमी. शॉकअपची पूर्ण बंद लांबी यापेक्षा किमान १०-१५ मिमी कमी, म्हणजे ३१५ च्या आसपास किंवा त्याखाली हवी. ती जास्त असेल तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपऐवजी शॉकअप आदळेल; आतला व्हॉल्व्ह तरी फुटेल नाहीतर वरची मूठ चेसिसमधून उपटेल. मिळणारा शॉकअप थोडा लांबच असेल तर बंप स्टॉप तेवढाच खाली आणा. हा प्रामाणिक उपाय आहे.

आता खालचं टोक. चेसिस उचलून चाक पूर्ण लटकू द्या आणि मोजा, पण त्या अवस्थेत ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना आणि प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस कुठे अडत नाही ना, हे पाहा. शॉकअप पूर्ण उघडल्यावर या दोन्हींच्या आधी थांबला पाहिजे. कॉइलच्या गाडीत तो इतका लांबही नको की स्प्रिंग वाटीतून सुटून पडेल.

शॉकअप तिरका बसवलेला असेल तर गणित बदलतं. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला शॉकअप चाकापाशी आपल्या ताकदीच्या सुमारे ७५ टक्केच काम करतो. म्हणून वरची मूठ स्वतः वेल्ड करून हलवताना, जागा मिळाली म्हणून जास्त आडवी करू नका.

कामाला हात घालताना

दोन-तीन दिवस आधीपासून प्रत्येक नट-बोल्टच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल रोज मारा. नवे यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट), नवे शॅकल बुश, पिना, लॉक नट आणि सेंटर बोल्ट आधीच आणून ठेवा. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत; एकदा ताणून आवळलेले यू-बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत. हाताशी टॉर्क पाना आणि गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडे असू द्या. अंदाजाने आवळण्याची ही जागा नाही.

गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर. ज्या अ‍ॅक्सलवर काम नाही त्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा. चेसिस दोन घोड्यांवर ठेवा, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक. चेसिस फक्त जॅकवर असताना खाली जाऊ नका, एका मिनिटासाठीही नाही. घोडीवर ठेवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून पाहा. हलायची असेल तर ती आत्ता हलू द्या. दोन्ही बाजू एकदम न खोलता एकेक बाजू करा. त्याने अ‍ॅक्सल जागेवर राहतो आणि तपासायला दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते.

पाटे बदलणं

अ‍ॅक्सलचं वजन जॅकवर घ्या, इतकंच की पाट्यावरचा ताण सुटेल. आधी शॉकअपचं खालचं टोक सोडा, मग यू-बोल्टचे नट थोडे थोडे, आलटून पालटून. खालची प्लेट काढली की अ‍ॅक्सल पाट्यापासून मोकळा होतो. मग शॅकल आणि शेवटी हँगरची पिन.

ही पिन बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेली असणं हे जुन्या गाडीत ठरलेलं आहे. हातोड्याने ठोकत राहिलात तर आटे चपटे होतात आणि हँगर वाकतो. गॅसने तापवलं तर रबर पेटतं आणि विषारी धूर निघतो. मला तरी सर्वांत बरं वाटतं ते डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी पिन करवतीने किंवा ग्राइंडरने कापणं. त्यावेळी ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप ओल्या फडक्याने झाका, टाकी जवळ असेल तर करवतच वापरा.

नवा सेट लावताना आधी हँगरचं टोक, मग शॅकल. दोन्हीकडे नट फक्त हाताने घट्ट. अ‍ॅक्सल हळू वर-खाली करत सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बरोबर बसवा. ते बसलंय याची बोट घालून खात्री करा, कारण डोकं काठावर राहिलं तर अ‍ॅक्सल तिरका बसेल आणि गाडी खेकड्यासारखी चालेल. नंतर यू-बोल्टचे चारही नट चौकटीच्या कोपऱ्यांप्रमाणे तिरकस क्रमाने, तीन-चार टप्प्यांत आवळा. प्रत्येक नटाबाहेर दिसणारे आटे सारखे असावेत. सैल यू-बोल्टमुळे पाटे सरकतात आणि मग सेंटर बोल्ट तुटतो. तुटलेल्या सेंटर बोल्टचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

शॅकलचा कोनही पाहा. वजन आल्यावर पाटा सरळ होतो, म्हणजे लांब होतो, आणि शॅकलला पाट्याच्या मध्यापासून दूर झुकावं लागतं. गाडी उभी असताना शॅकल आधीच चेसिसला टेकत असेल, किंवा उलट आतल्या बाजूला कलली असेल, तर पाट्याची लांबी चुकली आहे. लांब शॅकल लावून गाडी उचलणं मला आवडत नाही. ५० मिमी लांब शॅकलने गाडी जेमतेम २५ मिमी उचलली जाते, पण १ मीटर लांबीच्या पाट्यावर अ‍ॅक्सल जवळपास ३ अंश फिरतो. शॅकल पुढच्या टोकाला असेल तर पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ परतायचं विसरतं. मागच्या टोकाला असेल तर कॅस्टर वाढतो, पण डिफरन्शियलचं नाक खाली झुकतं आणि क्रॉसवरचा कोन वाढतो.

सर्वांत महत्त्वाचं: रबरी बुशच्या पिना चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं पूर्ण वजन पाट्यांवर आल्यावरच पूर्ण आवळायच्या. हवेत आवळल्या तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी काही मिमी उंच दिसते आणि बुश थोड्याच दिवसांत फाटतात. पॉलियुरेथेनच्या बुशला हे लागू नाही, ते आपल्या नळीवर फिरतात. पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लावूनच बसवा.

कॉइल स्प्रिंग

हे काम तुलनेने लवकर होतं. दोन्ही शॉकअपची खालची टोकं सोडा, अँटी-रोल बारचे दुवे सोडा, ब्रेकचा पाइप ब्रॅकेटमधून मोकळा करा आणि डिफरन्शियलची हवेची नळी ताणली जात नाही ना ते पाहत अ‍ॅक्सल हळू खाली सोडा. एक बाजू जास्त खाली केली की स्प्रिंग हाताने निघते. काही गाड्यांत खालची वेढणी एका पट्टीने धरलेली असते, ती आधी काढा. नवी स्प्रिंग घालताना वेढणीचं मोकळं टोक वाटीतल्या खाचेतच बसवा. तसं न केल्यास पहिल्याच खड्ड्यात ती फिरून बसते, "खटाक" आवाज येतो आणि ती बाजू काही मिमी खाली जाते. रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारे लांब दांडे) आणि पॅनहार्ड रॉडचे बुशही वजनावरच आवळायचे.

शॉकअप बसवणं

दुहेरी नळीचा शॉकअप आडवा ठेवलेला असेल तर आत हवा इकडेतिकडे झालेली असते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. गॅसचा शॉकअप पट्टीने बांधलेला येतो. एक टोक बसवल्यावरच पट्टी कापा. चमकदार रॉडला कधीही पक्कड लावू नका, एक ओरखडासुद्धा सील फाडायला पुरतो. पिनवाल्या टोकाचा नट रबर वायसरच्या कडेइतका फुगेपर्यंतच आवळा. चेपून बाहेर आलेलं रबर म्हणजे जास्त आवळलेलं.

उंचीमुळे बाकी काय बदललं

पहिलं ब्रेक. अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह चेसिसवर असतो आणि एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडी उंच केली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. भरलेल्या गाडीत हे फार धोक्याचं आहे, आणि बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटतं. दांडीची लांबी मॅन्युअलप्रमाणे जुळवा. ब्रेकचे रबरी पाइप स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आणि चाक लटकवून तपासा. कुठे ताण असेल तर लांब पाइप घाला.

दुसरं स्टिअरिंग. रेडियस आर्मच्या गाडीत आर्म ८५० मिमी लांब असेल तर ५० मिमी उंचीने अ‍ॅक्सल सुमारे ३.४ अंश फिरतो. बऱ्याच गाड्यांचा मूळ कॅस्टरच तेवढा असतो, म्हणजे तो जवळपास संपतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. यासाठी ऑफसेट बुश किंवा बदललेले आर्म लागतात. पॅनहार्ड रॉड जास्त तिरका होतो आणि अ‍ॅक्सल बाजूला सरकतो. ८०० मिमीचा रॉड आधी १०० मिमी उतारावर असेल आणि आता १५० वर गेला, तर अ‍ॅक्सल सुमारे ८ मिमी सरकेल. स्टिअरिंगचं चक्र वाकडं दिसलं तर ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) लांबी बदला, चक्र काढून फिरवून बसवू नका. मग टो-इन (पुढची चाकं आतल्या बाजूला किती वळलेली आहेत ते माप) तपासून घ्या.

तिसरं प्रॉपेलर शाफ्ट. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असेल तर दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, तेव्हाच एका क्रॉसची वेगातली चढउतार दुसरा पुसतो. नाहीतर ठराविक वेगाला घुमणारा कंप येतो. पाट्यांच्या गाडीत पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये तिरकी पाचर घालून हे जुळवता येतं. पाचर पोलादी घ्या, अ‍ॅल्युमिनियमची भाराखाली फुटते. हेडलाइटचा झोत सर्वांत शेवटी खाली करा.

पहिले काही दिवस

पहिल्या फेरीआधी एक चाक मजबूत ओट्यावर चढवून गाडी तिरकी करा, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक चाकापाशी पाहा: टायर कुठे घासतो का, शॉकअप कुठे टेकतो का, पाइप ताणलेत का. नंतर दुसरं चाक. रस्त्यावर सुरुवातीला हळू, ब्रेक तपासत.

१०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, त्यामुळे नट हमखास थोडे फिरतात. ५०० ला पुन्हा एकदा. शॅकल, शॉकअप आणि पॅनहार्ड रॉडचे नटही त्याच वेळी. नट फिरले तर दिसावेत म्हणून आवळल्यावर त्यांच्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा.

गाडी कडक वाटली तर स्प्रिंगला बोल लावण्याआधी टायरची हवा पाहा. मग शॉकअप फिरवून जुळवायचा असेल तर सर्वांत मऊ टप्प्यापासून सुरू करा आणि खड्ड्यानंतर गाडी एकाच झोक्यात शांत होईपर्यंत एकेक टप्पा वर चढा. नव्या स्प्रिंगा पहिल्या हजार किलोमीटरांत १०-२० मिमी बसतात. त्यानंतरच वहीतले आठ आकडे पुन्हा मोजा, जुन्यांशेजारी लिहा, आणि मग कॅस्टर, हेडलाइट आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हची शेवटची जुळवणी करा.